नव्या मॅकवर जुने विंडोज : ड्रायव्हरची अडचण कशी सोडवावी



संगणक ही आता शहरापुरती राहिलेली वस्तू नाही. शाळेच्या कार्यालयात तो आहे, सेवा केंद्रात आहे, लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या दुकानातही आहे. यंत्र म्हटले की ते जुने होणार, आणि जुने झाले की बदलावे लागणार. मात्र संगणक बदलताना एक अडचण हटकून येते. ती नीट न समजल्यामुळे दिवसच्या दिवस काम खोळंबते, आणि कधीकधी पैसाही पाण्यात जातो. ती अडचण म्हणजे ड्रायव्हरची. तिचा एक विशेष प्रकार आज आपण पाहू. ॲपल कंपनीच्या जुन्या मॅक संगणकावर चालत असलेले विंडोज नव्या मॅकवर नेले, तर काय बिघडते आणि ते दुरुस्त कसे करावे, हा आजचा विषय.

समजा, अकोल्यात मोर्णा नदी ओलांडून आपण जुन्या शहरात आलो. राजराजेश्वराच्या मंदिराजवळच्या एखाद्या गल्लीत डी.टी.पी.चे एक लहानसे दुकान आहे. श्रावण चालू आहे. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने आणून राजराजेश्वराला अभिषेक करतात, हे तुम्हाला माहीतच आहे. त्या कावडयात्रेची मंडळामंडळांची पत्रके आणि फलक तयार करायचे आहेत. अशा ऐन वेळी दुकानातला जुना मॅक बसला. मालकाने त्याच्याहून चार वर्षांनी नवा असा दुसरा मॅक आणला आणि जुन्यावरचे विंडोज जसेच्या तसे उचलून त्याच्यावर ठेवले. सुरू करून पाहतो, तो पडद्यावरची अक्षरे बोराएवढी, वाय-फायचा पत्ता नाही, आवाज बंद, आणि ट्रॅकपॅडवर बोट फिरवले तरी बाण हलेना. मालक म्हणतो, "विंडोज त थेच हाय, मंग हे झालं काय?"

उत्तर त्याच्या प्रश्नातच आहे. विंडोज तेच आहे, पण यंत्र ते नाही.

आधी एवढे समजून घेऊ, की मॅकवर विंडोज आले कोठून. मॅकची स्वतःची प्रणाली वेगळी आहे. तिला मॅक-ओएस म्हणतात. परंतु २००६ साली ॲपलने आपल्या यंत्रांत इंटेल कंपनीचे प्रोसेसर घालायला सुरुवात केली. हेच प्रोसेसर विंडोजच्या संगणकांतही असत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲपलने 'बूट कॅम्प' नावाची सोय दिली. तिच्यामुळे मॅकच्या डिस्कचे दोन भाग करून एका भागात मॅक-ओएस आणि दुसऱ्यात विंडोज ठेवता येऊ लागले. यंत्र सुरू करताना ऑप्शन ही कळ दाबून धरायची, आणि कोणत्या घरात जायचे ते निवडायचे.

मराठी छपाईचे काम करणाऱ्यांना ही सोय मोलाची वाटली, याला कारण आहे. आपल्याकडचे पुष्कळ काम पेजमेकरमध्ये झालेले आहे. त्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ सालची. पुढच्या मॅकसाठी तो तयारच झाला नाही. श्रीलिपी किंवा आय.एस.एम. यांसारखी मराठी टंकलेखनाची साधने बहुतेक दुकानांत विंडोजवरची घेतलेली. वर्षानुवर्षांच्या पत्रिका, प्रश्नपत्रिका, अहवाल त्यांत साठलेले. तेव्हा यंत्र मॅकचे असले, तरी विंडोज सोडता येत नाही, अशी पुष्कळांची स्थिती आहे.

आता ड्रायव्हर म्हणजे काय? नाव ऐकून एस.टी.चा ड्रायव्हर डोळ्यांपुढे येईल. आपण आपली बंडी घेऊ. मालक सांगतो, "बाजारात चल." पण बैलांना बाजार म्हणजे काय ते कळत नाही. कासरा कधी ओढायचा, कोणता बैल ओढाळ, कोणता आवाज दिला की जोडी थांबते, हे जाणतो तो धुरकरी. मालकाचा हुकूम तो बैलांना कळेल अशा रीतीने पोचवतो. संगणकात विंडोज हा मालक आहे. पडदा, आवाज, वाय-फाय, कीबोर्ड, छपाईयंत्र ही जनावरे. आणि प्रत्येकासाठी एकेक धुरकरी, म्हणजे ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. विंडोज म्हणते, "आवाज काढ." त्या आवाजाच्या चिपला नेमके कोणते संकेत द्यायचे, ते ड्रायव्हर जाणतो.

म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की ठेवा. तुमचे प्रोग्रॅम आणि कागदपत्रे विंडोजची असतात. ड्रायव्हर मात्र यंत्राचा असतो. जोडी बदलली आणि धुरकरी जुनाच राहिला, तर बंडी कशी चालेल? बाहेरून दोन मॅक सारखे दिसतात, पण आत वेगळे असतात. जुन्या मॅकबुकमध्ये कीबोर्ड आणि ट्रॅकपॅड आतल्या आत यू.एस.बी.नेच जोडलेले असत. २०१५ पासूनच्या काही मॅकबुकमध्ये ही जोडणीची तऱ्हाच ॲपलने बदलली. ट्रॅकपॅड दिसायला तोच, पण त्याची वाट निराळी. म्हणून जुना ड्रायव्हर तिथे हात टेकतो.

तेव्हा दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी आपला नवा मॅक कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. मॅक-ओएस सुरू करा. वर डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर टिचकी मारून 'अबाऊट धिस मॅक' उघडा. तिथे प्रोसेसर म्हणून इंटेलचे नाव असेल, तर यंत्र इंटेलचे. 'चिप' म्हणून ॲपल एम-१, एम-२ असे काही लिहिलेले असेल, तर ते ॲपलच्या स्वतःच्या चिपचे. इंटेलच्या यंत्रांतही एक पोटजात आहे. २०१८ ते २०२० या काळातल्या बहुतेक इंटेल मॅकमध्ये टी-२ नावाची सुरक्षा चिप आहे. 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'कंट्रोलर' या सदराखाली तिचे नाव सापडते. तर झाल्या तीन जाती : साधा इंटेल, टी-२ असलेला इंटेल, आणि एम चिपचा मॅक. तिघांचे औषध वेगवेगळे आहे.

पण औषधापूर्वी पथ्य. जुना मॅक चालू असेल तोवर त्याच्यावरची सगळी कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा, आणि ती उघडतात की नाही हे दुसऱ्या संगणकावर पाहून घ्या. बिटलॉकरचे कुलूप लावले असेल, तर नक्कल घेण्याआधी ते काढा. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मॅकमधला 'मायग्रेशन असिस्टंट' हा फक्त मॅकच्या बाजूचा संसार हलवतो; विंडोजच्या भागाला तो हात लावत नाही. तो चालवला म्हणजे विंडोजही आले, असे समजून जुनी डिस्क पुसू नका. पुसलेले परत येत नाही.

आता पहिली जात, साधा इंटेल मॅक. येथे जुने विंडोज बहुधा सुरू होते, फक्त लंगडत चालते. कामाला बसताना यू.एस.बी.चा साधा माउस आणि कीबोर्ड जवळ ठेवा, म्हणजे ट्रॅकपॅड बंद असला तरी अडत नाही. वाय-फाय नसेल, तर मोबाइल वायरने जोडून त्याचे इंटरनेट घ्या. मोबाइलमध्ये याला 'यू.एस.बी. टेदरिंग' म्हणतात.

नंतर नव्या मॅकवर मॅक-ओएसमध्ये जा आणि 'बूट कॅम्प असिस्टंट' उघडा. वरच्या 'ॲक्शन' मेनूत 'डाउनलोड विंडोज सपोर्ट सॉफ्टवेअर' असे कलम आहे. ते निवडले की ॲपलकडून या यंत्राचे सगळे ड्रायव्हर एका गठ्ठ्यात उतरतात. ते पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्ह फॅट किंवा एक्सफॅट पद्धतीने तयार केलेला असावा, म्हणजे दोन्ही घरांत वाचता येतो. येथे एक गोष्ट फार महत्त्वाची. हा गठ्ठा ज्या यंत्रासाठी हवा, त्याच यंत्रावर उतरवा. ॲपल यंत्राचे मॉडेल पाहून गठ्ठा देते. शेजाऱ्याकडचा किंवा जुन्या मॅकचा गठ्ठा आणला, तर विंडोज सांगते की 'बूट कॅम्प या कम्प्युटर मॉडेलवर अनसपोर्टेड आहे.' हा संदेश दिसला की पुष्कळजण घाबरतात, आपले यंत्रच नालायक आहे असे समजतात. तसे नाही. चुकीच्या घराची किल्ली आणलीत, एवढाच त्याचा अर्थ.

आता विंडोजमध्ये या. 'प्रोग्रॅम्स' यादीतून जुनी 'बूट कॅम्प सर्व्हिसेस' काढून टाका. यंत्र एकदा बंद करून सुरू करा. मग पेनड्राइव्हवरचा 'बूट कॅम्प' फोल्डर उघडून त्यातला 'सेटअप' चालवा. पडदा मध्येच काळा होईल, पुन्हा उजळेल. घाई करून यंत्र बंद करू नका. सगळे आटोपले की पुन्हा एकदा सुरू करा. दहातली आठ दुखणी येथेच बरी होतात.

उरलेल्यांसाठी 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. विंडोजच्या कळीसह एक्स दाबले की जो मेनू येतो त्यात तो आहे. बूट कॅम्पमध्ये कमांड ही कळ म्हणजेच विंडोजची कळ, आणि ऑप्शन म्हणजे ऑल्ट, एवढे ध्यानात ठेवा. डिव्हाइस मॅनेजर म्हणजे शाळेतला हजेरीपट समजा. यंत्रातल्या प्रत्येक भागाचे नाव तेथे आहे. ज्याच्यापुढे पिवळा त्रिकोण दिसतो, तो विद्यार्थी आजारी. त्याच्या नावावर दोनदा टिचकी मारली की आजाराचा क्रमांक दिसतो.

कोड २८ म्हणजे त्याला ड्रायव्हरच मिळालेला नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण भाग सुरू होत नाही. बहुधा ड्रायव्हर दुसऱ्या मॉडेलचा असतो. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरवरची सही विंडोजला पटत नाही. तो ड्रायव्हर जुना किंवा भलत्या ठिकाणाहून आणलेला असण्याचा संभव असतो. कोड ४५ म्हणजे तो भाग सध्या जोडलेलाच नाही. हा शेवटचा क्रमांक स्थलांतरानंतर पुष्कळ दिसतो. 'व्ह्यू' मेनूत 'शो हिडन डिव्हाइसेस' निवडा, म्हणजे जुन्या मॅकच्या भागांची फिकट नावे दिसतील. गाव सोडून गेलेल्या मुलांची नावे पटावर राहावीत, तशी ती राहिलेली असतात. आवाज, पडदा, वाय-फाय यांपैकी जी फिकट नावे जुन्या यंत्राची म्हणून ओळखू येतील, तेवढीच काढून टाका. न कळणाऱ्या नावाला हात लावू नका.

कोड २८ असेल, तर त्या नावावर उजवी टिचकी मारून 'अपडेट ड्रायव्हर' घ्या, 'माझ्या संगणकात शोधा' या अर्थाचा पर्याय निवडा, आणि पेनड्राइव्हवरचा ड्रायव्हरांचा फोल्डर दाखवा. तरीही न सापडल्यास तो भाग कोणाचा आहे हे ओळखायचे. 'डिटेल्स' या पानावर 'हार्डवेअर आयडीज' निवडा. तिथे 'व्हेन' या अक्षरांपुढे चार आकडे-अक्षरे असतात. ती कंपनीची खूण. ८०८६ असेल तर इंटेल, १००२ असेल तर ए.एम.डी., १०डीई असेल तर एन्व्हिडिया, १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम, आणि १०६बी असेल तर स्वतः ॲपल. आता 'अननोन डिव्हाइस' हे अनोळखी नाव राहिले नाही. कोणाच्या दारात जायचे ते कळले. पण एक सांभाळा. 'सगळे ड्रायव्हर एका क्षणात' अशी जाहिरात करणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर ढिगाने आहेत. ते घेऊ नका. ड्रायव्हरला यंत्राच्या अगदी आतल्या खोलीत प्रवेश असतो. अनोळखी माणसाला कोठाराची किल्ली आपण देतो का?

यंत्र इतके बदलल्यावर विंडोज परवान्याचीही चौकशी करते. तेव्हा 'ॲक्टिव्हेशन'च्या पानावर जाऊन 'अलीकडे हार्डवेअर बदलले' असा पर्याय निवडावा. परवाना तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी आधीपासून जोडलेला असला, तर हे काम सोपे जाते. म्हणून ते जुन्या यंत्रावर असतानाच करून ठेवावे.

दुसरी जात, टी-२ चिपचा मॅक. येथे आतली डिस्क ही टी-२ चिपच्या ताब्यात असते. डिस्कपर्यंत जायलाच ॲपलचा ड्रायव्हर लागतो, आणि जुन्या विंडोजपाशी तो नसतो. मग विंडोज सुरू होतानाच निळा पडदा येतो आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असे शब्द दिसतात. म्हणजे विंडोज डिस्कवर आहे, पण त्याला स्वतःचे घरच सापडत नाही. लोक म्हणतात डिस्क गेली. डिस्क गेलेली नसते. असल्या यंत्रावर जुने विंडोज उचलून ठेवण्याचा हट्ट सोडावा. बूट कॅम्प असिस्टंटमधून विंडोज १० नव्याने बसवावे, तो आवश्यक ड्रायव्हर आपण होऊन देतो. आणि मग जतन केलेली कागदपत्रे व प्रोग्रॅम आत घ्यावेत. एक दिवस मोडेल, पण चार दिवसांची डोकेफोड वाचेल.

या दोन्ही जातींविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बूट कॅम्प विंडोज १० पर्यंतच आहे, आणि विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला जे सुरक्षा साधन लागते, ते इंटेल मॅक त्याला रीतसर देत नाहीत. इकडे ॲपलनेही २०२५ साली जाहीर केले, की मॅक-ओएस २६ ही इंटेल यंत्रांसाठीची शेवटची आवृत्ती. तेव्हा दुरुस्ती करून काम चालेल, पण हे घर आता फार वर्षे राहण्याचे नव्हे. असल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नयेत, आणि शक्य तेवढे ते इंटरनेटपासून दूर ठेवावे.

आता तिसरी जात, आणि खरे सांगायचे ते येथेच आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम-१ ही स्वतःची चिप आणली, आणि जून २०२३ पर्यंत नव्या मॅकमधून इंटेल पूर्णपणे गेला. एम चिपच्या मॅकवर बूट कॅम्प नाही. जुने विंडोज तेथे डिस्कवर ठेवून सुरूच करता येत नाही. ड्रायव्हर शोधून उपयोग नाही, कारण हा ड्रायव्हरचा दोष नव्हे. येथे गेजच बदलला आहे.

गेज म्हटले की वऱ्हाडातल्या माणसाला जास्त सांगावे लागत नाही. अकोल्याच्या स्टेशनात मुंबई-नागपूरचे रूळ ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर रुंद. आणि खांडवा-अकोला-पूर्णा हा मार्ग मीटर गेज, १००० मिलिमीटर. मूर्तिजापूरला शकुंतलेचे रूळ तर ७६२ मिलिमीटरचे. अकोला-पूर्णा मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. अकोटकडची मीटर गेज २०१७ मध्ये बंद पडली आणि २०२२ मध्ये ब्रॉडगेजची गाडी धावू लागली. त्या काळी काय होत असे ते आठवा. अकोटहून मीटर गेजच्या गाडीने आलेला प्रवासी अकोल्यास उतरे, फलाट बदले आणि नागपूरच्या गाडीत बसे. कापसाच्या गाठीही एका वॅगनमधून उतरवून दुसरीत भरता येत. पण मीटर गेजचा डबा ब्रॉडगेजच्या रुळांवर चालवता येत नसे, कारण त्याची चाके रुळाच्या मापाची.

एम चिपच्या मॅकवर नेमके हेच घडते. इंटेलचे प्रोसेसर ज्या भाषेतले हुकूम समजतात, ती एक. आणि ॲपलची चिप ज्या भाषेतले समजते, ती 'आर्म' नावाची दुसरी. त्या भाषेसाठी मायक्रोसॉफ्टने वेगळे विंडोज केले आहे. ते मॅकच्या आत 'व्हर्च्युअल मशीन'मध्ये, म्हणजे संगणकातल्या मानीव संगणकात चालते. पॅरलल्स डेस्कटॉप, व्हीएमवेअर फ्यूजन आणि यू.टी.एम. ही त्याची साधने. पैकी पॅरलल्सवर विंडोज ११ आर्म चालवण्यास मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिकृत मान्यता दिली. व्हीएमवेअर फ्यूजन २०२४ पासून विनामूल्य झाले.

या विंडोजमध्ये जुने प्रोग्रॅम चालतात का? पुष्कळसे चालतात. विंडोज ११ आर्ममध्ये एक दुभाष्या आहे. तो इंटेलच्या भाषेतले हुकूम चालता चालता आर्मच्या भाषेत सांगतो. हा आपला फलाट बदलणारा प्रवासी. पण ड्रायव्हरला हा दुभाष्या मिळत नाही. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसून काम करतो, आणि तेथे फक्त आर्मच्या भाषेत लिहिलेलेच चालते. हा आपला मीटर गेजचा डबा. म्हणूनच असे होते, की प्रोग्रॅम बसतो, उघडतो, अक्षरेही उमटतात. आणि त्याचे यंत्र जोडले की पिवळा त्रिकोण.

मॅकच्या अंगच्या भागांची येथे चिंता नाही. पडदा, आवाज, इंटरनेट हे सगळे मॅक-ओएस सांभाळते, आणि 'पॅरलल्स टूल्स' किंवा 'व्हीएमवेअर टूल्स' बसवले की विंडोजला ते मिळते. पडद्याचे माप बिघडलेले दिसले, की आधी ही टूल्स पुन्हा बसवा. अडचण येते ती बाहेरून जोडायच्या वस्तूंची. त्यांच्यापैकी तीन आपल्या नित्याच्या आहेत.

पहिले छपाईयंत्र. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये शोधत बसू नका. ते मॅकला जोडा, मॅकच्या बाजूने चालते का ते पाहा, आणि विंडोजमधून मॅकचाच छपाईमार्ग वापरा. तेही न जमल्यास विंडोजमध्ये पी.डी.एफ. करा आणि ती मॅकवरून छापा. पत्रके, प्रश्नपत्रिका यांना एवढे पुरते.

दुसरे कुलूप. मराठी टंकाच्या आणि हिशेबाच्या काही प्रोग्रॅमना यू.एस.बी.चे डोंगल लागते. ते लावल्याखेरीज प्रोग्रॅम उघडत नाही. त्या डोंगलला ड्रायव्हर लागतो. प्रथम पाहा, की डोंगल मॅककडे राहिले आहे की विंडोजकडे दिले आहे. वस्तू जोडली की व्हर्च्युअल मशीन विचारते, "ही कोणाला देऊ?" तेथे विंडोज निवडले नाही, तर चांगला ड्रायव्हर असूनही काही दिसत नाही. विंडोजकडे देऊनही कोड २८ आला, तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : "याचा विंडोज आर्मसाठीचा ड्रायव्हर आहे का?" 'विंडोज ११ वर चालते' हे उत्तर घेऊ नका, ते इंटेलच्या विंडोज ११ बद्दल असू शकते.

तिसरे बोटाचा ठसा घेणारे यंत्र. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी आणि शाळांनी हे विशेष ऐकावे. आधारच्या कामाला नोंदणीकृत यंत्र लागते आणि त्याच्यासोबत त्याची आर.डी. सर्व्हिस संगणकावर चालावी लागते. यंत्र घेण्याआधी ती विंडोज आर्मवर चालते असे विक्रेत्याकडून लेखी मिळाले नसेल, तर हे काम एम चिपच्या मॅकवर नेऊ नका. नोव्हेंबरात निवृत्त गुरुजी हयातीच्या दाखल्यासाठी केंद्रावर येतात. सत्तरीतला माणूस एस.टी.ने तालुक्याला यावा, आणि "यंत्र नवीन घेतलंय, ठसा उमटत नाही, उद्या या," असे त्याला ऐकावे लागावे, हे बरे नव्हे. त्या कामासाठी साधा विंडोजचा इंटेल संगणक वेगळा ठेवावा. तो मॅकहून स्वस्तही पडतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नव्या यंत्रावर मराठी मजकूर उघडला आणि अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा चिवडा दिसला, तर लोक त्यालाही ड्रायव्हरचा दोष म्हणतात. तो ड्रायव्हरचा दोष नाही, फाँटचा आहे. जुन्या फाँटांत 'क' या अक्षराला स्वतःची जागा नसे; इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क'चे चित्र बसवलेले असे. तो फाँट नसला की चित्र जाते आणि खालचे इंग्रजी अक्षर उघडे पडते. तोच फाँट नव्या विंडोजमध्ये बसवला की मजकूर पुन्हा दिसतो. पण कायमचा उपाय युनिकोड हाच. त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो विंडोजवर, मॅकवर, मोबाइलवर एकच. शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका, स्मरणिका, गावाच्या इतिहासाची टिपणे जुन्या फाँटमध्ये असतील, तर जुने यंत्र चालू आहे तोवरच ती युनिकोडमध्ये करून घ्या आणि शुद्धलेखन तपासा, कारण रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार कधीकधी बिघडतात. यंत्र उद्याही विकत मिळेल. तो मजकूर विकत मिळणार नाही.

शेवटी गुरुजनांना एक विनंती. शाळेचे किंवा गावातल्या कोणाचे नवे यंत्र घ्यायचे ठरले, की दुकानात जाण्यापूर्वी वहीच्या एका पानावर तीन रकाने आखा. पहिल्या रकान्यात आपण वापरतो ते प्रोग्रॅम लिहा. दुसऱ्यात संगणकाला जोडतो त्या वस्तू लिहा : छपाईयंत्र, स्कॅनर, डोंगल, ठशाचे यंत्र, सहीचे टोकन. तिसऱ्यात प्रत्येक वस्तूपुढे नव्या यंत्रासाठी तिचा ड्रायव्हर मिळतो की नाही, 'होय' किंवा 'नाही' एवढेच लिहा. ज्या वस्तूपुढे 'नाही' येईल आणि जिच्यावाचून काम अडेल, ती एक वस्तूच सांगेल की कोणते यंत्र घ्यावे. दुकानदार वेग सांगेल, जागा सांगेल, पडद्याची चमक दाखवील. हा तिसरा रकाना मात्र तो भरून देत नाही. तो आपला आपणच भरायचा असतो.

तर थोडक्यात असे. कागदपत्रे आधी जतन करा. मॅकची जात ओळखा. साधा इंटेल असेल, तर त्याच यंत्रावर उतरवलेला बूट कॅम्पचा गठ्ठा बसवा आणि हजेरीपट तपासा. टी-२ असेल, तर विंडोज नव्याने बसवा. एम चिप असेल, तर व्हर्च्युअल मशीनमध्ये आर्मचे विंडोज घ्या, आणि ज्या वस्तूंना आर्मचा ड्रायव्हर नाही त्यांच्यासाठी जुना इंटेल संगणक मोडीत न काढता जपून ठेवा. अकोल्याला ब्रॉडगेज आल्यावरही अकोटची मीटर गेज कितीतरी वर्षे चालत होतीच. तिचे काम होते तोवर ती चालली. जुन्या यंत्राचेही तसेच आहे.